गेर टाकतं कोण?

हे मी लिहिणारच नव्हते. टाईप करायचे, उडवायचे, परत टाईप करायचे. कारण आराधना मावशीनं आधीच बजावलं होतं, "माझ्यावर लिव्हशील तर पैल्या वळीत माझा पाय आनशील. सगळेच आनत्यात." आणि खरंच, दरवेळी पहिल्या ओळीत पायच यायचा! म्हणून आता पहिल्या ओळीत मीच येऊन बसलेय. पाय पुढं येईल, त्याला इलाज नाही, गाडीची गोष्ट त्याच्याशिवाय सांगताच येत नाही.

तर मावशी. माझ्या आईची धाकटी बहीण. शेवगावात राहते, एकटी, आणि लग्नाचे पांढरे गाऊन शिवते. अख्ख्या तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती घरांमधल्या नवऱ्या तिच्या हातचा गाऊन घालून उभ्या राहिल्यात. लोक तिला गाऊनवाली मावशीच म्हणतात. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट असतो. झालं, आला पाय.

पण मावशीकडे बघताना तो पाय शेवटी दिसतो. आधी दिसते ती तिची चुळबूळ. ती शांत बसत नाही, बसूच शकत नाही. चहा उकळेपर्यंत बटणं लावेल, फोनवर बोलताना दोऱ्या गुंडाळेल, चर्चमध्ये उपदेश लांबला की पुढच्या बाईच्या ब्लाऊजची शिवण डोळ्यांनी उसवेल. एका जागी टिकते ती फक्त मशीनवर. तिच्या मशीनला मोटार आहे, आणि मोटारीचा पेडल उजव्या पायाखाली. पेडल जरासा दाबला की सुई एक टाका घालते, अजून जरा दाबला की धावते. गळ्याच्या लेसला मावशी एकेक टाका असा घालते की वाटावं सुईला पायानं कानात काहीतरी सांगतेय. "उजवा पाय शिकलेला हाय माझा," म्हणते. "डावा शाळंत गेलाच न्हाई."

तिला गाडी चालवायची होती. कायमची. कारण काय माहितीये? "थांब, नेतो." हे एडविन मामाचं वाक्य. मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ, त्याचा टेम्पो आहे. नगरला कापड आणायचंय? थांब, नेतो. कर्जतला गाऊन पोचवायचाय? थांब, नेतो. मामा वाईट नाही हां, जीव आहे त्याचा तिच्यावर. पण त्याला वेळ मिळेल तेव्हा, त्याच्या सोयीनं, टेम्पोत कांद्याच्या गोण्यांशेजारी बसून. बाजूला चाकं लावलेली स्कूटर होती तिच्याकडे, पण नगर रोडच्या धुळीत पांढरा गाऊन स्कूटरवर नेऊन बघा. नवरी रडते. एक खरंच रडली होती.

मग नगरच्या एका डॉक्टरबाईंची जुनी ऑटोमॅटिक गाडी विकायला निघाली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला कळलं आणि मी तिथल्या तिथं मावशीला फोन लावला, लेक्चर चालू असताना, बाहेर काढलं मला सरांनी. मावशीनं ऐकलं आणि पैसे साठवलेलेच होते, आठवड्यात गाडी दारात.

मामा म्हणाला, "बिनक्लचची गाडी म्हंजे बिनलगामाचं घोडं."

पास्टर आले, बॉनेटवर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. शेजारच्या मालनबाईंनी त्यांचं आमेन व्हायच्या आत चारही चाकांखाली लिंबं सरकवली. मावशीनं दोन्ही चालवून घेतलं. मी ओरडले, "चल, बस आता, चिरड लिंबं!"

आणि मावशी बसेना.

दार उघडून उभी. स्टिअरिंगकडे बघतेय. मग मला म्हणाली, "कृपा, गेर टाकतं कोन?"

"आपोआप पडतो गं."

"आपोआप काय नसतं. शाळा सोडवली तवा बी घरात म्हनले आपोआप सुटली. लगीन जमंना तवा बी आपोआप. कोनतरी ठरवीत असतं. हितं कोन ठरवितं ते सांग, मग बसते."

त्या दिवशी लिंबं मीच चिरडली. गाडी शेडमध्ये गेली आणि मावशी माझ्या मागे लागली. सकाळी मेसेज, दुपारी मेसेज. कोन ठरवितं? मला अभ्यासक्रमात होतं ते सगळं मी सांगितलं, तिला एक अक्षर पटलं नाही. शेवटी शनिवारी मी शेवगावला गेले आणि तिचे दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले, जाळ्या काढून. एक चालू केला, दुसऱ्याची वायरसुद्धा लावली नाही. दुसरा हळूहळू फिरायला लागला.

"बघ! हा इंजिन, हा गाडीची चाकं. मध्ये काही जोडलेलं नाही, फक्त हवा. गाडीत हवेऐवजी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, त्या तेलानं समोरचा पंखा फिरतो."

मावशीनं शिलाईची लाकडी पट्टी उचलली आणि दुसऱ्या पंख्याच्या पात्याला लावली. तो थांबला. पहिला फिरतोच आहे.

"हा बिरेक?"

"हो! गाडी उभी, इंजिन चालू, बंद पडत नाही. म्हणून क्लच लागत नाही."

पट्टी काढली, पंखा फिरला. लावली, थांबला. काढली. लावली. मालनबाई खिडकीतून बघत होत्या, "आराधना, गरम व्हतंय का लई?"

पण मावशीचं समाधान अर्धंच. "हे झालं फिरायचं. पैला, दुसरा, तिसरा कोन टाकतं?"

मग नगरला गोरक्षच्या गॅरेजला गेलो. गोरक्ष मेकॅनिक आहे, तोंड कधी बंद नसतं त्याचं. त्याच्याकडे एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून ठेवलेला होता. मावशी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली, आणि बूट पुढं पसरला की तिथून कुणी हलवू शकत नाही तिला. दातेरी चक्रं होती, मध्ये एक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी, बाहेरून एक मोठी दातेरी कडी. गोरक्ष म्हणाला, "यातलं एक धरून ठेवलं की बाकीच्यांचा वेग बदलतो. दुसरं धरलं की दुसरा वेग. कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं, हाच गिअर. बाकी काय न्हाई."

"आन धरतं कोन?"

"ह्या चकत्या. तेलाचा दाब आला की आवळतात, दाब गेला की सुटतात."

"तेलाला कोन सांगतं?"

गोरक्षनं एक ॲल्युमिनियमचा ठोकळा दाखवला, आतून नुसत्या वाटाच वाटा. मावशी म्हणाली, "हे तर वारूळ हाय!" त्या वाटांच्या तोंडाशी विजेवर उघडणारे छोटे व्हॉल्व्ह. शेतातल्या ऑटो ड्रिपला असतात ना, टायमरनं उघडणारे, तसलेच, बोटाएवढे. आणि त्यांना सांगणारा एक छोटा कॉम्प्युटर.

"आन त्याला कोन सांगतं?"

गोरक्ष माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मावशी, त्याला सगळेच सांगतात. चाकं किती फिरतायत, इंजिन किती फिरतंय, तेल किती तापलंय, आणि तू पेडल किती दाबलायस. हे सगळं बघून तो ठरवतो."

"म्हंजे माझा पाय बी सांगतो त्याला."

"तुझा पाय सगळ्यात जास्त सांगतो. हळू दाबलास तर तो लवकर वरचा गिअर टाकणार. एकदम दाबलास तर त्याला कळतं हिला पळायचंय, तो खाली आणून जोर देणार."

मावशी उठली. "चला, मशीनीसारखंच हाय की मग."

शेवगावच्या मार्केट यार्डाच्या मोकळ्या मैदानावर शिकली. पहिल्याच दिवशी गिअरचा लिव्हर डीवर, म्हणजे पुढं जायच्या खुणेवर घेतला, ब्रेक सोडला आणि गाडी आपली आपण निघाली. मावशी किंचाळली, "अगं ही निघाली! मी काय केलंच न्हाई! मला न इचारता!" ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की सरकतेच, पंखा फिरतोय ना. हे एक तिला कधीच आवडलं नाही. पण बाकी पेडलवर तिचा पाय... मी काय सांगू, माझा भाऊ तीन वर्षं गाडी चालवतोय, त्याच्या गाडीत मान पुढं-मागं होते. मावशीच्या गाडीत गिअर बदललेला कळायचा नाही. लायसन मिळालं. नगरला जाऊन कापड घेऊन आली, एकटी. त्या दिवशी मला फोन करून नुसती हसत होती.

आणि मग दिशाचं लग्न ठरलं.

दिशा एडविन मामाची मुलगी. तिनं जाहीर केलं, "मी आत्याच्या गाडीतनंच चर्चला जाणार. आत्याचा गाऊन, आत्याची गाडी, आत्याच चालवणार." मामानं सजवलेली मोठी गाडी ठरवली होती, ड्रायव्हरसकट. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. शेवटी मामा म्हणाला, "ने. पर वाटंत काय बी झालं ना आरू, तर चावी माझ्याकडं. परत मागायची न्हाई."

"बरं," मावशी म्हणाली. लगेच. आणि परत बाहीला मोती लावत बसली.

लग्नाचा दिवस. मे महिना, ऊन असलं की डांबर चमकतंय. घर ते चर्च फार लांब नाही, पण पुढं बँड, बँडच्या पुढं नाचणारी पोरं, आणि मागं आमची गाडी, मुंगीच्या पावलानं. मावशी चालवतेय, मी शेजारी, मागं दिशा गाऊनच्या ढगात. ओढ्यावरचा पूल ओलांडला की चर्चकडे चढ लागतो. आणि बरोबर चढावर बँडवाल्यांना काय सुचलं, थांबले आणि वाजवायलाच लागले. पोरं रिंगण करून नाचतायत. गाडी चढावर.

मावशीनं काय केलं, ब्रेक दाबलाच नाही. पेडलवर पाय एवढासा, अगदी एवढासा ठेवून गाडी चढावर तोलून धरली. मागं नाही, पुढं नाही. मशीनवर सुई कापडाच्या वर अधांतरी धरते ना, तशी. बँड पाच पावलं पुढं गेला की पाच पावलं पुढं, परत तोलून धरायची. मला वाटलं काय कंट्रोल आहे यार! मी तर व्हिडिओ काढला.

आणि मग डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

पाठोपाठ जळकट वास. मावशीनं पेडल दाबला, इंजिन ओरडलं, गाडी चढेना. वरचा गिअर धरून बसली, सोडायलाच तयार नाही. मावशीनं ब्रेक धरला. "कृपा, काय झालं? काय झालं गं?"

मी गोरक्षला फोन लावला. तिकडून ग्राइंडरचा आवाज, मी ओरडतेय, तो ओरडतोय. "चढावर कशानं धरली? ब्रेकनं का पेडलनं?"

"पेडलनं!"

"अरे देवा! पंखा ढकलतोय आणि गाडी हलत न्हाई, मग सगळा जोर तेलातच जिरतो ना, तेल उकळलं! त्यानं स्वतःला वाचवायला गिअर बदलणंच बंद केलंय. पीवर, पार्किंगवर टाका, हँडब्रेक ओढा, एसी बंद करा. इंजिन मात्र बंद करू नका! इंजिनवरच तेलाचा पंप चालतो, तेल फिरेल तसं गार होईल. दिवा गेल्याशिवाय हलू नका."

तोवर सगळे गोळा झाले. एक म्हणतोय बंद करा, आग लागेल. एक म्हणतोय न्यूट्रल करा काकू, धक्का मारतो. "धक्का मारून काय होणार नाही याला!" मी ओरडले. कुणी ऐकत नाही. आणि गर्दीतनं मामा आला. शेरवानी घातलेला, घामानं भिजलेला. खिडकीत वाकला. आवाज हळू, पण त्यानंच जास्त भीती वाटली.

"आरू. उतर."

मावशीनं स्टिअरिंग सोडलं नाही.

"पास्टर थांबल्यात. लोकं हसत्यात. उतर म्हनतो ना."

"दादा, इंजिन चालू ठिवायचंय."

"मी ठिवतो चालू. तू उतर."

मावशी नुसती मान हलवत राहिली, नाही नाही नाही. तिच्या हाताची बोटं स्टिअरिंगवर टकटक टकटक. मला कळत होतं, आत्ता उतरली तर परत कधीच बसणार नाही. मामालाही कळत होतं.

मागचं दार उघडलं. दिशा उतरली, गाऊन दोन्ही हातांनी उचलला, बूट काढून माझ्या मांडीवर टाकले. "पप्पा, चला. मी चालत येते. राहिलंय किती?" मामा म्हणाला, "डांबर भाजंल गं!" दिशानं पाय ठेवला, "आई गं" म्हणाली आणि परत बूट मागितले. मग खिडकीत येऊन मावशीला म्हणाली, "आत्या, तू ये. उतरू मात्र नको." आणि निघाली. बँड तिच्या पुढं, मामा तिच्या बाजूला, रुमालानं तिला वारा घालत.

सगळे गेले. चढावर आमची गाडी, घरघर करत, आणि आम्ही दोघी. वर चर्चची घंटा वाजायला लागली. मावशीला चर्चच्या दारातलं ते बघायचं होतं, दिशा तिच्या गाडीतून उतरून आत जाताना. चार महिने तिनं त्या एका दृश्यावर मोती लावले होते. मला रडू आलं, मी रडले पण. मावशी रडत नव्हती, ती दिव्याकडे बघत होती. डोळ्यांची उघडझाप न करता.

"कृपा, खरं सांग. चूक माझी का गाडीची?"

मी म्हटलं, "तुझी. चढावर ब्रेक धरायचा असतो."

मावशीनं असा श्वास सोडला, जणू कुणी पाठीवरचं गाठोडं उतरवलं. "बरं झालं बाई. गाडीची असती तर इकाया लागली असती."

मला वाटलं होतं चूक तिची निघाली तर ती मोडेल. आणि ही बाई हसतेय! "माझी हाय ना? मग मी सुधरीन की. मशीनीवर माझा पाय लई शहाना, हितं त्यानंच घात केला. हितं त्याला म्हनायचं, गप, बिरेकवर बस."

आत गाणं सुरू झालं, ऐकू येत होतं. मग दिवा गेला. मावशीनं ब्रेक दाबला, डीवर घेतला, हँडब्रेक सोडला, आणि गाडी चढायला लागली, पहिल्या गिअरला, जशी चढायला हवी तशी. अर्ध्या चढावर तिनं मुद्दाम थांबवली. ब्रेकवर. मोजून एक श्वास. परत निघाली. रस्त्यावर कुणीच नव्हतं, एक कुत्रं सोडून. चर्चच्या दारात गाडी लावली तिनं, एका झटक्यात, सरळ. आम्ही आत गेलो तेव्हा लग्नाची वचनं झाली होती. दिशानं वळून बघितलं आणि दात काढून हसली.

बाहेर आल्यावर मामानं हात पुढं केला. सगळ्यांसमोर. "दे."

"दादा, आधी काय चुकलं ते ऐक."

"मला नको सांगू. शबुद दिलता तू."

"दिलता. पर वाटंत झालं ते माझ्या पायानं झालं. चावी घिऊन काय करशील? पाय घिऊन जातो का?"

मामाचं तोंड असं झालं! हसावं का चिडावं कळेना त्याला. तोवर दिशा आणि तिचा नवरा स्टीफन मागं जाऊन बसलेसुद्धा, स्टीफन आतनं म्हणतोय, "सासरेबुवा, ऊन लागतंय, भांडण घरी करा की." मामानं हात खाली घेतला. मग पुढचं दार उघडलं, मला बाहेर काढलं आणि स्वतः बसला. "मी बसतो. उतारावर बगतो तुला."

मी मागून टेम्पोतून आले, पण दिशानं सांगितलं, सगळ्या वाटेनं मामा नुसता "बिरेक धर, आरू, बिरेक" करत होता. आणि मावशी, "धरलाय रे दादा, दिसंना का."

चावी तिच्याकडेच आहे.

आता ती काय करते सांगू का? रविवारी चर्च सुटलं की गाडी घेऊन मार्केट यार्डाच्या मैदानावर जाते आणि जिला कुणी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही तिला शेजारी न बसवता ड्रायव्हरच्या सीटवर बसवते. लंकाबाई आल्या होत्या मागच्या रविवारी, साठीच्या, गुडघे गेलेले. गाडी आपली आपण सरकली आणि त्या "आगं बया" म्हणून डोळे मिटून बसल्या! मावशी ओरडतेय, "डोळं उघडा, लंकाबाई, बिरेक, बिरेक!"

तुमच्या घरात असं कुणीतरी असेलच. "थांब, नेतो" ऐकत बसलेलं. काकू, आत्या, एखादी बहीण. तिला घेऊन शेवगावला जा आणि मावशीला भेटा. लर्निंग लायसन काढून जा, नाहीतर ती बसू देत नाही, आणि गेर टाकतं कोण हे ती आधी विचारते, उत्तर येत नसलं तर पंखे काढते. जायचं तर लवकर जा. कांदा यायला लागला की यार्डाचं मैदान गोण्यांनी भरतं, मग गाडी फिरवायला जागा राहत नाही. येत्या रविवारीच जा ना. कुणालाही विचारा, गाऊनवाली मावशी कुठे राहते.